तेरा पात्यांपैकी नववं

जबाब देणारी: मी, लेन्स दुरुस्त करणाऱ्या मास्तरांची सून. वय ४४ वर्षे. धंदा तोच, लेन्स दुरुस्तीचा. राहणार दुकानावरच्या दोन खोल्यांत, जिना मागच्या बाजूने आहे.

समक्ष हजर राहून सांगते की, मी वरील ठिकाणी नवरा आणि सासरे यांच्यासह राहते. सासऱ्यांचं वय ७६ असून सगळा बाजार त्यांना मास्तर म्हणतो. नवरा पुढे गिऱ्हाईक बघतो. मी आणि सासरे मागच्या टेबलावर काम करतो. आमच्याकडे कॅमेऱ्याच्या जुन्या लेन्स येतात, त्यातही सोव्हिएत काळातल्या रशियन लेन्स जास्त. लेन्स कुठल्या सालची आणि तिच्यात नंतर कोणी हात घातला आहे का, हे ओळखून सांगणं हेही आमचंच काम. ते मला सासऱ्यांनी शिकवलं. लग्नाआधी मला कॅमेऱ्याचं बटण कुठे असतं तेही माहीत नव्हतं.

तक्रार ज्या लेन्सबद्दल आहे ती सासऱ्यांची स्वतःची आहे. हेलिओस-४४, चंदेरी रंगाची, १९५९ सालची. ती विकायची नाही. दुरुस्त केलेली प्रत्येक लेन्स सासरे तिच्याशी ताडून बघतात आणि मगच गिऱ्हाइकाला देतात. साल कसं कळलं असं फौजदारसाहेबांनी विचारलं, म्हणून सांगते. लेन्सच्या तोंडाशी नाव आणि नंबर कोरलेली कडी असते. त्या काळच्या बऱ्याच रशियन लेन्सच्या नंबरातले पहिले दोन आकडे साल सांगतात. आमचा नंबर ५९ ने सुरू होतो. साहेबांनी त्याच कडीवरचे ५८ दाखवून "मग हे काय, अठ्ठावन्न साल?" असं विचारलं. ते लेन्सच्या मापाचे मिलिमीटर आहेत आणि या जातीच्या सगळ्या लेन्सवर तेवढेच असतात. साहेबांनी वाईट वाटून घेऊ नये, ही चूक लेन्स विकणारेही करतात, आणि काही जण जाणूनबुजून करतात.

गेल्या महिन्याच्या ३ तारखेला जुन्या कॅमेऱ्यांचे एक दुकानदार आमच्याकडे आले. आमच्या रस्त्याच्या टोकाला त्यांचं दुकान आहे. शोकेसमध्ये पंधरा दिवस जुन्या लेन्स मांडायच्या आहेत, मास्तरांची हवीच, असं त्यांनी साखर पेरून सांगितलं. सासऱ्यांनी लेन्स दिली. नवऱ्याने नंबर लिहून त्यांची सही घेतली. मी त्या वेळी धाकट्या बहिणीच्या बाळंतपणासाठी तिच्या घरी होते.

१८ तारखेला दुकानदाराने लेन्स परत आणली. सासऱ्यांनी ती हातात घेतली, एकदा उजेडाची कडी फिरवली आणि म्हणाले, "ही माझी नव्हे." नवऱ्याने नंबर ताडून पाहिला. तो जुळला. दुकानदार म्हणाला, "मास्तर, नंबर तोच आहे. आता वय झालं तुमचं, होतं असं." नवऱ्याला ते पटलं. त्याने वडिलांना डॉक्टरकडे नेऊन स्मरणशक्ती तपासून घेतली. डॉक्टर म्हणाले, लक्ष ठेवा. त्यावरून नवऱ्याने सासऱ्यांच्या हत्यारांचा खण कुलूप लावून बंद केला. हाताला काही लागू नये म्हणून, असं त्याचं म्हणणं. तो वाईट माणूस नाही. तो घाबरला होता.

२४ तारखेला मी परत आले. सासरे खिडकीशी बसले होते. शर्टाच्या खिशात चिठ्ठ्या होत्या: आज कोणता वार, जेवण झालं का, सून कधी येणार. पन्नास वर्षं दुसऱ्यांच्या लेन्सचं साल सांगणारा माणूस वार लिहून ठेवत होता. मला म्हणाले, "सूनबाई, माझं डोकं गेलं म्हणतात. गेलंही असेल. पण लेन्स माझी नव्हे." हे पाहून मला फार राग आला, तो जबाबात लिहावा.

२५ तारखेला मी लेन्स टेबलावर घेतली. लेन्सच्या आत उजेड कमीजास्त करणारी पत्र्याची पातळ पाती असतात, उजेडाची कडी फिरवली की ती उघडतात-मिटतात. आमच्या लेन्सला ती तेरा होती. या लेन्सला आठ निघाली. या जातीची सुरुवातीची लेन्स तेरा पात्यांची आणि नंतरची आठांची, असंच आमच्या टेबलावर आजवर दिसलं आहे. बाहेरून दोन्ही सारख्याच चंदेरी. शिवाय नावाच्या कडीच्या खाचांत ताजे ओरखडे होते. म्हणजे आमची कडी काढून दुसऱ्या, नंतरच्या लेन्सवर बसवली होती. नंबर आमचा, लेन्स दुसऱ्याची. सासऱ्यांनी हे नुसत्या बोटांनी ओळखलं होतं आणि आम्ही त्यांना डॉक्टरकडे नेलं.

२६ तारखेला सकाळी अकराच्या सुमारास मी दुकानदाराकडे गेले. तो म्हणाला, "वहिनी, तेरा पाती मास्तरांच्या डोक्यातच असतील. आणि बदललीच असली तर तुमच्या टेबलावर बदलली असतील, रोज लेन्स उघडता तुम्ही." त्याच्या शोकेसच्या खालच्या कप्प्यात एक चंदेरी हेलिओस तोंड वर करून ठेवली होती. कडीवरचा नंबर ६५ ने सुरू होणारा, पण आतलं भोक इतकं गोल की आठ पात्यांत ते होणं शक्य नाही. काचेला हात लावू नका, असं तो म्हणाला. मी लावला नाही. बाहेर पडले आणि थेट ठाण्यात आले.

आज साहेबांनी ती लेन्स पंचांसमक्ष सीलबंद पाकिटात आणवली. दुकानदार, माझा नवरा आणि सासरे हजर होते. लेन्स चार वर्षांपूर्वी एका निवृत्त शिक्षकाकडून घेतली, असं दुकानदाराने सांगितलं. पाकीट उघडण्याआधी मी त्याला साहेबांसमोर विचारलं, "चार वर्षं हाताळताय, तर आतल्या पात्यांवर काही डाग, काही खूण?"

तो म्हणाला, "छे हो. तेराच्या तेरा काळी कुळकुळीत."

मग मी कागद मागून घेतला आणि लिहून दिलं की, लेन्सवरचा लाल ठिपका वर धरून, उजेडाची कडी पूर्ण बंद करून, ठिपक्याखालचं पातं पहिलं धरून, पुढून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे मोजलं तर नववं पातं टोकाशी उघडं पडलेलं, चकचकीत असेल. साहेबांनी कागदावर वेळ घालून सही केली.

हे मला माहीत असण्याचं कारण लाजिरवाणं आहे, पण सांगते. लग्नानंतर पहिल्याच वर्षी सासऱ्यांनी मला याच लेन्सची पाती पुसायला दिली. पात्यांवर तेल आलं होतं. पात्यांचा काळा रंग हा मळ आहे असं समजून मी एक पातं भांडं घासावं तसं घासलं, दोन्ही बाजूंनी, आणि ते लख्ख निघाल्यावर कौतुकाने सासऱ्यांना दाखवायला नेलं. त्यांनी उरलेली बारा माझ्या हातून हळूच काढून घेतली. पुढे मला काम येऊ लागल्यावर मी ते पातं काळं करून देते म्हटलं, तर म्हणाले, "राहू दे. आपली वस्तू ओळखू येते." बावीस वर्षं मी त्या पात्याची लाज बाळगली.

पाकीट फोडलं. साहेबांनी उजेडाची कडी बंद करून पेनच्या टोकाने मोजलं. नववं पातं चकाकत होतं. त्यांनी पुन्हा मोजलं, मग पंचांनी मोजलं. दुकानदाराने प्रथम कानावर हात ठेवले, नंतर तो शिक्षक कुठे राहतो ते आठवत नाही म्हणाला. सासरे त्याला म्हणाले, "चिठ्ठी देऊ का लिहून ठेवायला?" पंच हसले. मला इतका आनंद झाला की खुर्चीवरून उठून उभी राहिले, आणि कोणी बस म्हटलं नाही.

नवऱ्याने खिशातून खणाची किल्ली काढली आणि वडिलांच्या हातात ठेवली. "बाबा, चुकलो," एवढंच म्हणाला. सासऱ्यांनी किल्ली चिठ्ठ्यांच्या खिशात टाकली आणि टेबलाचा दिवा कुठे हलवला आहेस ते विचारलं.

माझी तक्रार लेन्स बदलल्याबद्दल आहे, आणि मास्तरांना त्यांच्याच डोक्याबद्दल शंका घ्यायला लावल्याबद्दलही आहे. दुसऱ्या गोष्टीला कलम नाही असं साहेब म्हणाले. तरी ती लिहून घ्यावी अशी विनंती केली, ती त्यांनी मान्य केली.

हा जबाब हवालदारांनी मोठ्याने वाचून दाखवला. 'नववं पातं' या शब्दांवर सासऱ्यांनी हात वर केला आणि खिशातली एकही चिठ्ठी न काढता म्हणाले, "पुढून नववं. लेन्स उलटी धरली तर सहावं. दोन्ही लिहा, नाहीतर उद्या वकील उलटी धरून मोजेल आणि माझ्या सुनेला खोटं पाडेल." साहेबांनी लेन्स उलटी केली, ठिपका वर धरला आणि मोजलं. सहावंच होतं. तशी दुरुस्ती घालून जबाब पहिल्यापासून पुन्हा वाचला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर असून, आता मास्तरांनीही तपासलेला आहे.

समक्ष सही.