निळी की पांढरी

(शोरूममध्ये उभ्या असलेल्या निळ्या गाडीत तिघं बसली आहेत. सेल्समन फोन घ्यायला बाहेर गेला आहे.)

मुलगा : एक विचारू, बाबा? त्या सेल्समनशी कोपऱ्यात काय कुजबुज चालली होती?

वडील : कुजबुज कसली. काहीतरी विचारलं मी त्याला.

मुलगा : त्याने मागचं दार दाखवलं, तुम्ही आत गेलात आणि परत आलात ते थेट पांढऱ्या गाडीची वकिली करत. तोवर निळी ठरली होती.

वडील : तुझी ठरली होती. मी आपलं माहितीपत्रक वाचलं. माझं चुकतही असेल.

मुलगा : ही निळी एका चार्जिंगमध्ये पाचशे किलोमीटर जाते म्हणतात.

सून : म्हणतात. महामार्गावर एसी लावून चारशे गेली तरी नशीब.

मुलगा : चारशेच धर. ताईचं घर साडेतीनशेवर. म्हणजे न थांबता तिच्या दारात. लागलंच तर अर्ध्या तासात बॅटरी पुन्हा भरते. ती पांढरी अडीचशे सांगतात, म्हणजे दोनशेसुद्धा जाणार नाही. वर चार्जिंगला तास-सव्वा तास.

वडील : तेच म्हणतोय मी. मध्ये थांबता येतं.

मुलगा : थांबता येतं नाही, थांबावं लागतं.

वडील : हो, लागतंच. मग कुणी कुणाला सांगायचा प्रश्न येत नाही.

मुलगा : काय सांगायचा?

वडील : काही नाही. बॅटरी फार उतरू देऊ नये, एवढंच. मी तर म्हणतो, तीनदा थांबावं.

मुलगा : ही त्या सेल्समनची भाषा. पांढऱ्या खपत नसणार. साधा माणूस दिसला, घेतलं गुंडाळून.

वडील : तो बिचारा निळीच घ्या म्हणत होता.

मुलगा : मग दुसरंच काहीतरी आहे. तुम्हाला ताईकडे जायचंच नाहीये. मागच्या खेपेपासून बघतोय. आधी गुडघा, मग डोळे, मग शेजाऱ्यांच्या कुत्र्याला कोण बघणार. नात चालायला लागली, तुम्ही अजून तिला फोनवरच बघताय. भावजींशी काही वाजलं का?

वडील : जावई देवमाणूस आहे.

मुलगा : मग अडतंय कुठे?

वडील : कुठेच नाही. पांढरी घे, मिळेल त्या दिवशी निघतो.

सून : बाबा, मघाशी त्याने कॉफी आणली, तुम्ही घेतली नाहीत.

वडील : इच्छा नव्हती.

सून : सकाळी चहाही अर्धा ठेवलात.

वडील : बाहेर पडायचं होतं ना.

सून : मागच्या वेळी ताईंकडे पोचलो, तर तुम्ही कुणाशी न बोलता सरळ आत गेलात. त्या अजून विचारतात, बाबा कशावरून रागावले होते.

वडील : रागावलो नव्हतो गं.

सून : त्या दिवशी वाटेत तू गाडी कितीदा थांबवलीस रे?

मुलगा : एकदाही नाही. पाच तासांच्या आत नेलं होतं सगळ्यांना. सगळ्यांना सांगतच...

सून : हो. सांगत होतास.

मुलगा : बाबा, तुम्ही झोपला होतात ना? डोळे मिटून होतात सगळा वेळ.

वडील : डोळे मिटले की जरा धीर धरता येतो.

मुलगा : मग बोलायचं नाही का?

वडील : तू रंगात होतास. आणि मागे सूनबाईची आई बसलेली. असलं काय तोंडाने सांगायचं.

सून : तो येतोय बघ सेल्समन.

मुलगा : येऊ दे. निळीच घेऊ. पण तासा-दीड तासाने थांबायचं, हे आधीच सांगून ठेवतो.

वडील : निळीला कशाला थांबवायचं?

मुलगा : माझी पाठ. एका जागी बसलो की धरते.

वडील : तुझी पाठ? कधीपासून? कधी बोलला नाहीस.

मुलगा : असलं काय तोंडाने सांगायचं.

वडील : सूनबाई, तो येतोच आहे तर कॉफीचं विचार. कप भरून.