नाहीची जागा

(नेकनूर. दुपार. मुक्ताबाईंच्या ओसरीवर त्यांची नात रेणुका कम्प्युटरच्या परीक्षेचा अभ्यास करतेय. मुक्ताबाईंची शाळेतली मैत्रीण दगडाबाई उमापूरहून आलीय.)

रेणुका : ...तर 'नाही' कुठं बसलंय, ते बघायचं. एवढाच धडा आहे, आजी.

दगडाबाई : पोरगी कम्प्युटर शिकाया गेली आन् 'न्हाई' शिकून आली.

मुक्ताबाई : थांब गं दगडे. रेणू, मघाचं वाक्य पुन्हा वाच.

रेणुका : 'सगळे विद्यार्थी आले नाहीत.' याचे दोन अर्थ होतात. काही आले, पण सगळे नाही. किंवा कुणीच आलं नाही. कम्प्युटरला असलं मोघम चालत नाही. म्हणून 'सगळे'साठी खूण म्हणून इंग्रजी ए उलटा काढायचा. 'नाही' त्याच्या आधी लिहिलं तर पहिला अर्थ, नंतर लिहिलं तर दुसरा.

मुक्ताबाई : विद्यार्थ्यांच्या जागी विहिरी घाल.

रेणुका : 'सगळ्या विहिरी आटल्या नाहीत.' एखादी तरी ओली आहे. किंवा सगळ्याच ओल्या आहेत.

मुक्ताबाई : सगळ्याच ओल्या. तहसिलीत तसंच वाचलं त्यांनी.

दगडाबाई : कवाचं बोलतीस?

मुक्ताबाई : बहात्तरचं. दूध सोसायटीनं टँकरसाठी पत्र धाडलं होतं, आठवतं?

दगडाबाई : आठवतंय की. कारकून चाऱ्यासाठी बीडला गेलता. म्हून चेअरमन आप्पारावांनी तुला शाळेतून बोलावलं.

मुक्ताबाई : ते सांगत होते, मी लिहीत होते. 'सगळ्या विहिरी आटल्या,' म्हणाले. मी पुढं 'नाहीत' जोडलं. म्हाळूच्या विहिरीत पाणी होतं ना.

दगडाबाई : हातभर. शाळा सुटली की सातबी विहिरींत खडा टाकून ऐकायचो आपण. सहांत खडखड, आन् म्हाळूच्यात डुबुक.

मुक्ताबाई : अजून स्वप्नात टाकते मी खडा. तो जातच राहतो खाली, जातच राहतो. जाग आली तरी कान तिकडंच असतात.

रेणुका : मग टँकर?

मुक्ताबाई : आला नाही. गावात पाणी आहे, असं उत्तर आलं. महिन्याभरात हिच्या बापानं जनावरं विकली आणि बिऱ्हाड उमापूरला नेलं. हिची सातवी राहिली ती राहिलीच. दगडे, एका शब्दानं तुझं घर उठवलं मी. पन्नास वर्षं सांगायला म्हणून तोंड उघडते आणि तुला चहाच विचारते.

रेणुका : पण आजी, तू खोटं कुठं लिहिलंस?

मुक्ताबाई : खोटं नव्हतं गं. नीट नव्हतं.

दगडाबाई : आन् मी कुठं व्हते तवा, ते न्हाई सांगितलंस.

मुक्ताबाई : तू?

दगडाबाई : तुझ्या बाजूला. दौत धरून बसले व्हते. आप्पाराव 'आटल्या' म्हनले तशी तू माझ्याकडं बघितलंस. मी मान हलवली, न्हाई म्हून. मग तुझा टाक चालला.

मुक्ताबाई : मला नाही आठवत.

दगडाबाई : तुला कसं आठवंल? मान माझी हललती.

मुक्ताबाई : एवढी वर्षं बोलली नाहीस.

दगडाबाई : बाप उमापूरला रोज इचारायचा, टँकर कावून आला नसंल. पार थकला, डोळे गेले, तरी इचारायचा. मी त्याच्या हातात भाकर द्यायचे आन् म्हनायचे, जेव दादा.