पहिलं ढेकूळ कोणी टाकायचं?

नाही, मला एक सांगा, भरतीला सभा कळते का? सूचक, अनुमोदक कळतात का? ती काय बांधाशी येऊन थांबते आणि विचारते, की बाबांनो, झाला का तुमचा ठराव, येऊ का आता आत?... नाही ना विचारत? मग हे आमच्या गावच्या शहाण्यांना कोणी सांगायचं! मी सांगितलं. तीन दिवस सांगितलं. घसा बसला माझा, आणि हा बसलेला घसा घेऊनच तुमच्यापुढे उभी आहे, तेव्हा मधेच कोणी उठू नका, आधीच डोकं फिरलंय माझं.

तुम्हाला सांगते, मी कमळ. उरणजवळ खाडीला लागून आमचं गाव. अठ्ठावीस वर्षं अंगणवाडी चालवली मी, तीस-तीस पोरं एका सतरंजीवर बसवली, पण त्यातल्या एकानंसुद्धा खिचडी समोर आल्यावर "आधी चमचा कोणी धरायचा ते ठरवू" असं म्हटलं नाही हो! नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. मुलगा मितेश ट्रेलर चालवतो, तो तेव्हा गुजरातेत. मागे मी आणि माझं दीड एकर शेत. पलीकडे खाडी, अलीकडे भात, मधे मातीचा बांध. चिंबोऱ्या म्हणजे खेकडे, ते बांध पोखरतात, मग तो फुटतो, त्या फुटलेल्या जागेला आम्ही खांड म्हणतो. आणि खांडीतून खारं पाणी शेतात एकदा साचलं ना, की तीन वर्षं तिथे काही उगवत नाही. तीन वर्षं! खायचं काय, ठराव?

तर पितरपाखातली एकादशी. भात पोटरीत आलेलं, लोंब्या आता बाहेर पडणार, आणि बरोब्बर माझ्याच शेतासमोर खांड पडली. केवढी? एवढीशी! माझी घागर अडकली असती तिच्यात. दुपारी तीनला ओहोटी. खांड बुजवायची तर ओहोटीलाच, चार तास मिळतात, वीस माणसं लागली की काम फत्ते. पण आमच्याकडे एक पद्धत आहे. ज्याच्या शेतासमोर खांड, पहिलं ढेकूळ त्याच्या घरच्या गड्यानं टाकायचं. ते पडल्याशिवाय बाकीचं गाव हात लावत नाही. गडी म्हणजे पुरुष हं! चिखल खणायचा बायांनी, डोक्यावरून वाहायचा बायांनी, बांधाच्या पायथ्याशी आणून द्यायचा बायांनी, आणि खांडीत "टाकायचा" तेवढा गड्यानं. आता माझ्या घरात गडी कुठून आणू? फोनमधून काढू?

मी म्हटलं, गेलं खड्ड्यात. माझ्या शेतातलंच एक चांगलं मोठं ढेकूळ कापलं, घमेल्यात घातलं आणि निघाले. तर बांधावर कोंडाजीकाका आडवे! जुन्या पद्धतीचा सगळा कारभार त्यांच्याकडे. "कमळे, थांब! बाईमानसाचा पाय खांडीवर पडला त बांधाचा देव रुसतो. आनी पितरपाखान नवीन कायपन चालू करायचा न्हाय."

म्हटलं, काका, बांधच वाहून गेला तर तुमचा देव रुसून बसणार कुठे?

तेवढ्यात प्रज्योत आला. आमचा सुधारलेला. पनवेलला कॉलेजात शिकवतो, खांद्यावर झोळी. मला वाटलं, चला, आला माझ्या बाजूचा! तर तोच माझं घमेलं धरतो, "काकू, असं गुपचूप नाही टाकायचं! हक्कानं टाकायचं! सगळ्या गावासमोर! मी पत्रकाराला बोलावलंय, तो उद्या येतोय." अरे, उद्या? खांडीला सांग की उद्या!

आणि मग मधून उगवले हिरामण. माजी सरपंच. आयुष्यात कधी एका बाजूला उभा राहिला नाही हा माणूस, बसमध्येसुद्धा मधल्या दांड्याला धरून असतो. "हे बघा, काकांचंही बरोबर आहे, प्रज्योतचंही बरोबर आहे. सगळे इथे जमलेच आहेत, तर सभाच घेऊ या ना!"

आता गंमत ऐका, गंमत कसली, कपाळ माझं! खाडीकाठी जन्म गेला यांचा, भरती-ओहोटी बोटांवर मोजतात, आणि सभा कधी? तर ओहोटीला! का? तर म्हणे तेव्हाच सगळे मोकळे असतात. अरे मुडद्यांनो, मोकळे नसता तुम्ही, कामाला आलेले असता!

झाली सभा. कोंडाजीकाकांनी आजोबांपासून सुरुवात केली, ते वडिलांपर्यंत येईस्तोवर पाणी चढायला लागलं. मी घमेलं घेऊन घरी. आणि खांड? खांड वाढत होती!

दुसरा दिवस, द्वादशी, ओहोटी पावणेचारला. आणि आता खरं सांगते, लपवून काय करू... मी नवी साडी नेसून गेले. हो! पत्रकार येणार म्हणून! पन्नाशी उलटलेली बाई, खालच्या अंगाला खाडी खवळतेय, आणि मी पदराला पिन लावतेय. लाज वाटते आता. खांड बैलगाडीएवढी झालेली, आणि प्रज्योत बोलायला उभा राहिला, "मित्रांनो, हा प्रश्न ढेकळाचा नाही! हा प्रश्न शतकांचा आहे!" टाळ्या! मीही वाजवल्या, एक हात घमेल्यावर ठेवून जमतील तशा. मग शतकं सुरू झाली, एकेक करून. सव्वा तास! मी मधे विचारलं, अरे, तुझी बायको पूनम कुठे दिसत नाही? तर म्हणतो, "ती सभेचा चहा टाकतेय." घ्या! बाईचं बांधावर काय ते शतकानुशतकं बोलणार हा, आणि बाई स्टोव्हपाशी! बरं, पत्रकार आला का? आला, पाणी चढल्यावर. माझा फोटो काढला, मागे समुद्र छान दिसतोय म्हणाला. छानच दिसणार, माझ्या शेतात शिरत होता तो!

आणि खांड? खांड वाढत होती!

तिसरा दिवस हिरामणचा. हा तर मला सगळ्यात जास्त चावला, कारण दोघं निदान भांडत तरी होते, हा गोड बोलत होता. "मी सुवर्णमध्य काढलाय. कमळबाई बांधाच्या अर्ध्या उतारापर्यंत येतील, वर नाही येणार. ढेकूळ त्या पुढे करतील. कोंडाजीकाका नुसता खालून हात लावतील. म्हणजे टाकलं कोणी? दोघांनी! आणि कोणीच नाही!" सगळे माना डोलवतायत. म्हटलं, बरं बाबा, असं तर असं, चला! तर लगेच कोंडाजीकाका, "अर्धा म्हंजे कुठवर?" प्रज्योत म्हणतो, "अर्धा म्हणजे अपमान आहे!" हिरामण म्हणतो, "मोजून घेऊ." आणली टेप! बांधाचा उतार मोजला. मग वाद, की खालचं टोक ओहोटीच्या चिखलापासून धरायचं की शेताच्या कडेपासून? मी ओरडले, अरे, माझं शेत जातंय! माझं भात जातंय! तर हिरामण टेप गुंडाळत म्हणतो, "बाई, भावनेच्या भरात निर्णय नको."

भावना? तीन वर्षांचा तांदूळ म्हणजे भावना?

त्या संध्याकाळी मी मितेशला फोन लावला. तो म्हणाला, "आई, तू टाकून मोकळी हो ना! कोण काय करणार आहे?" आणि तुम्हाला सांगते, माझ्या तोंडून काय निघालं असेल? "उद्या निर्णय होणार आहे रे." मी म्हटलं हे! मी! पहिल्या दिवशी सगळ्यांना ढकलून ते ढेकूळ टाकलं असतं, तर घागरीएवढी खांड, मी आणि शेजारच्या दोघी मिळून बुजवली असती. पण नाही. जुन्यांना दुखवायचं नाही, आपल्या बाजूनं बोलणाऱ्याला तोडायचं नाही, मधल्याचा मान राखायचा... सगळ्यांचं राखता राखता चतुर्दशीही गेली.

सर्वपित्री अमावस्या. भर दुपारी उधाणाची भरती. गाव सगळं घरात, कावळ्यांना पानं वाढत होतं. मी बांधावर होते. धाडकन आवाज झाला, आणि खांडीच्या दोन्ही बाजूंचा बांध एकदमच वाहून गेला. पाच ट्रेलर शेजारी शेजारी उभे राहतील एवढा. मग आले धावत सगळे! गोण्या, बांबू, पत्रे, जे हाताला लागलं ते टाकत होते, कोणाचं पहिलं नि कोणाचं दुसरं, बाई की गडी, एकानंही विचारलं नाही तेव्हा! आणि काहीच टिकत नव्हतं. पोटरीतलं भात पाण्याखाली गेलं, मी बघत होते. रडले मी, मोठ्यानं रडले.

दुसऱ्या दिवशी परत सभा. हो, परत! पण या वेळी काय झालं माहितीये? एकमत! कोंडाजीकाका म्हणाले, "पितरपाख सरला, आता माजी हरकत न्हाय." प्रज्योत म्हणाला, "ऐतिहासिक दिवस!" हिरामण म्हणाला, "बघा, मी म्हणत नव्हतो, धीर धरला की मार्ग निघतो?" ठराव मंजूर. यापुढे पहिलं ढेकूळ टाकायचा मान कमळबाईंचा. शाल दिली, नारळ दिला, आणि मला वाजतगाजत बांधावर घेऊन गेले. बांधावर म्हणजे... जिथे बांध होता तिथे. समोर नुसती खाडी. माझ्या हातात घमेलं, घमेल्यात तेच एकादशीचं ढेकूळ, चार-पाच दिवस ऊन खाऊन टणक झालेलं. प्रज्योत मोबाइल धरून म्हणतो, "काकू, टाका!"

कुठे टाकू?

घेऊन आले घरी. ठेवलंय तुळशीपाशी. दीड एकरातलं तेवढंच कोरडं राहिलंय.