मारोतरावचं नाक

...आता तुमीच सांगा, माणूस मेला याच्यात माह्या पेन्सिलीचा काय दोष? ऐंशी उलटून गेलते मारोतरावले! शुगर, बीपी, वरून रोज सुपेल्याच्या चौकात भजे... पण नाव कोणाचं? माहं, या धनंजयचं!

तुमाले सांगतो, प्लांटच्या ऑफिसातून रिटायर झालो, पंधरा वर्सं घरी बसून बायकोचं, सुशीलेचं डोकं खाऊन राहिलो होतो, त तीच म्हणाली, "चित्रं शिकाचं म्हणत होते ना जन्मभर? मंग शिका, पण घराबाहेर!" म्हणून आमच्या मराठी मंडळाच्या हॉलमधी दर रविवारी खुर्ची मांडली. ज्याले बसाचं त्यानं बसावं, मी चेहरा काढतो. शेजारच्या भूषणची आई बसली, "भाऊ, गाल जरा कमी करा ना!" भूषण बसला तो फोन कानाले लावून, "हां भैया, हथखोज में ही हूँ!" अरे कुठचं हथखोज, तू त माह्यापुढं बसून आहे! हालू नोका म्हटलं, हालू नोका!

नेमानं येये तो एकटा मारोतराव. दोस्त माहा, एकाच टेबलावर जिंदगी गेली आमची. पण हाले किती! तंबाखू मळे, माशी हाकले, नाक काढाले घेतलं का मान फिरवे. मी ओरडलो, "मारोतराव, हालू नोका!" त म्हणे, "हालून राहिलो म्हणून त जिता आहो, लेका!"

आन त्याच हप्त्यात गेला.

घरी धड फोटो नाही. गेटपासवरचा एक, त्याच्यात चोरावानी दिसे. मंग त्याच्या पोरानं मी काढलेलं चित्र नेलं, फ्रेम केली, तेरवीले हार घालून मांडलं. लोकं म्हणे, हुबेहूब! काय हुबेहूब? नाक वाकडं आहे ना! पंगतीत माहं ध्यान सारं त्या नाकावर. वाटे, उठावं, नाक सरळ करावं... पण कोणाले पाहून करू? आता बसलाय चुपचाप भिताडावर. मले हालणारा पाह्यजे होता.

तवापासून खुर्ची खाली, कोणी बसे ना. बाजारात लोकं मले पाहून तोंडापुढं थैली धरते, "इकडं पाहू नोका भाऊ, नातीचं लग्न व्हाचं आहे!" सुशीलेले म्हटलं, तू तरी बस. "कावून जी, कंटाळले का मले?"

शेवटी आले चंपतबुवा. नव्वदीचे. "काढ बाबा माहा. देव त नेत नाही, तू पाह्य जमते का." काढला. पुढच्या रविवारी हजर, गालावर लाली! पुन्हा काढला. त्याच्या पुढच्या रविवारी बुवा नवे दात बसवून आले! त्यायच्यावर नाक जमलं मले, चांगलं सरळ. पण ते काई मारोतरावचं नाही.

काल बुवांनी मंडळात साऱ्यायपुढं सांगून टाकलं, "उगीच भेता रे! धनंजयच्या हाताले गुणच नाही!"

झालं! आज खुर्चीपुढं लाईन. सारे बसून राहिले, सारे हालून राहिले. मी आता कोणाले हालू नोका म्हणत नाही. म्हटलं हाला, बापहो, पाह्यजे तितकं हाला... नाकं सारी वाकडीच येऊन राहिली.