लाल भाग

"रांगेत उभं असताना नाम घ्यावं, लोकांची बोलणी ऐकू नयेत," असं सासूबाई सांगायच्या. पण काल, वणव्याच्या दिवसांतल्या धुरकट सकाळी, केमिस्टच्या रांगेत माझा जप थांबला. माझ्यापुढे दृष्टी नसलेल्या मर्लबाई होत्या आणि गावच्या कौन्सिलची वेबसाइट बनवणारी टॅमसिन.

"वणव्याचं नवं पान तूच केलंस ना, पोरी?"

"हो. आवडलं?"

"फोन मला सगळं वाचून दाखवतो. तुझ्या पानावर मात्र सकाळपासून 'चित्र, चित्र' एवढंच म्हणतोय."

"तो नकाशा आहे, मर्ल. लाल भागातल्यांनी ताबडतोब निघायचं."

"लाल! वा. रंग निवडायला बराच वेळ घालवला असशील."

"आठवडाभर भांडलो आम्ही रंगांवरून. शब्दांत लिहायचं कुणाला सुचलंच नाही."

"मग आता तू वाच. फर्नहिल रोड कुठल्या रंगात आहे?"

"बघते... मर्ल, तुम्ही घरून कधी निघालात?"

"मी रंग विचारला."

"लाल."

"घरी माझा अर्नी अंथरुणावर आहे. फोन काही बोलला नाही, म्हणून त्याला एकटं ठेवून आले गं."

"थांबा, अग्निशमन दलाला कळवते. तुम्ही जाऊ नका, तिकडचा रस्ता बंद करतील."

"आग आली तर तुझ्या उशाशी असेन, असं कबूल केलंय मी नवऱ्याला."

"हॅलो? फर्नहिल रोड. हो, घरात एक आजारी माणूस आहे..."

टॅमसिनची पाठ वळली होती. मर्लबाईंनी घडीची काठी उलगडली आणि त्या दाराकडे चालू लागल्या.