अण्णाजींचा कान

काकू, मंडळाचे सगळे वडीलधारे, कारखान्यातले माझे भाऊ, आणि मागे जागा नाही म्हणून उभे असलेले सगळे जण, नमस्कार.

रामदयाल भैया, आप समझ तो लेते हैं न? अच्छा. मग मी मराठीतूनच बोलतो. हिंदीत बोलायला गेलो तर सफाईदार बोलीन, आणि सफाईदार बोलण्यात काही ना काही लपवून टाकीन.

मला बोलता येत नाही, मंडळी. मी ड्रॉइंग ऑफिसातला माणूस. खाली मान घालून रेघा ओढतो. या हॉलमध्ये आजवर मी फक्त गणपतीत खुर्च्या लावल्या. पण परवा अण्णाजींचं तेरावं झालं, तोवर मी काकूंच्या नजरेला नजर दिली नाही. पंगतीत वाढायच्या निमित्तानं पाठ करून राहिलो. आज तसं करायचं नाही. मधेच थांबलो तर थोडं सांभाळून घ्या.

नव्या पोरांना माहीत नसेल म्हणून सांगतो. आपले अण्णाजी टेंभेकर तोफगोळ्यांच्या तपासणीवर होते. दारू भरायच्या आधीचं रिकामं लोखंडी कवच समोर यायचं आणि अण्णाजी पितळेच्या छोट्या हातोडीनं त्याला ठोकायचे. धड असलं तर घंटेसारखं वाजत राही. आत कुठं केसाएवढी भेग असली तर आवाज मधेच मरे.

त्यांची एक रीत होती. दोन ठोके, मग मान वळवायची, मग एक ठोका. काहून? तर लहानपणी त्यांचा उजवा कान फुटला होता. त्या कानाला फक्त जाड आवाज कळे. म्हणून दोन ठोके उजव्या कानानं, मग मान वळवून तिसरा डाव्या कानानं. बारीक आवाज डाव्याचा. आपल्या कांचघर मोहल्ल्यातल्या निम्म्या बाया उन्हाळ्यात माठ घेतला की आधी टेंभेकरांच्या ओट्यावर आणत. अण्णाजी बोटानं टकटक करत आणि म्हणत, "हा ठेवा, तो परत करा." त्यांचा शब्द कधी खाली पडला? काकू, तुम्हीच सांगा.

पासष्टची लढाई झाली. माल जास्त पाहिजे, लवकर पाहिजे. तेव्हा आमच्याकडे एक साहेब आले. नाव घेत नाही. सोबत फिरकीवर आवाज भरून घेणारं यंत्र. म्हणाले, शास्त्रीय अभ्यास करायचा आहे. तीन आठवडे अण्णाजींना बंद खोलीत बसवलं. चांगले गोळे, वाईट गोळे, ठोका, बोला. अण्णाजी ठोकत होते, फिरकी फिरत होती, आणि मी बाजूला घड्याळ घेऊन बसलो होतो. कोणत्या दोन ठोक्यांत किती वेळ जातो, हे मी लिहून घेतलं, मंडळी. माझ्या हातानं.

मी एकदा म्हटलं, "अण्णाजी, सगळंच देऊन राहिले तुम्ही. थोडं तरी राखून ठेवा."

ते हसले. "किसना, विद्या दिल्यानं कमी होते काय रे? आणि घेणारा कोण? देशच ना?"

दोन वर्षांनी मुंबईच्या एका कंपनीकडून खोके आले. मशीन बसलं. त्याला एक हात होता, हाताला पितळेची हातोडी. बटण दाबलं. ठण, ठण. थांबलं. ठण.

 ते थांबणं आम्ही सगळे ओळखत होतो. त्या मशीनला मान नाही, कान फुटलेला नाही, वळायचं कुठंच नाही. तरी ते मान वळवायला लागतो तेवढा वेळ थांबे. मशीन बनवणाऱ्यांना ते का आहे हे कळलंच नव्हतं. फिरकीवर होतं, म्हणून उचललं. अण्णाजी पहिल्यांदा पोट धरून हसले. "अरे, हे काहून थांबते?" मग मशीन पुन्हा थांबलं आणि मी पाहिलं, अण्णाजींची मान आपोआप वळली. त्यांच्या हातात हातोडीही नव्हती. त्यांनाही ते कळलं. त्या दिवशी पुन्हा ते हसले नाहीत.

पेटंटचे कागद नकलेसाठी माझ्याच टेबलावर आले. शोध लावणारा म्हणून साहेबांचं नाव, मालकी कंपनीची. आणि त्यात त्या थांबण्याला मोठं शास्त्रीय नाव देऊन खास वैशिष्ट्य म्हणून हक्क मागितला होता. टेंभेकर हा शब्द कुठंच नव्हता. मग नोटीस लागली की दोन ठोके, थांबणं, मग तिसरा ठोका अशी तपासणी यापुढे कोणी हातानं करायची नाही, ती आता कंपनीची. अण्णाजींनी खाली सही केली. नोकरी होती, पोरीचं लग्न व्हायचं होतं. त्यानंतर ते ठोके देताना दोन झाले की मान अर्ध्यात अडवायचे. हातानं हनुवटी धरून. स्वतःचीच मान चोरीची असल्यासारखे.

आता माझं सांगतो.

एकाहत्तरच्या लढाईच्या तोंडावर परीक्षा झाली. एकच ढीग, आधी मशीन, मग अण्णाजी. त्या दिवसापुरती त्यांना तीन ठोक्यांची परवानगी दिली होती. बाकी सगळ्यांवर दोघांचं एकमत. नऊ गोळ्यांवर नाही. मशीन म्हणे पास, अण्णाजी म्हणत तडकलेला. अहवाल आला की तपासनिसाची श्रवणशक्ती घटली आहे, मशीन निर्दोष. अण्णाजींना स्टोअरमध्ये नट-बोल्ट मोजायला पाठवलं. वर्षभरात साहेब नोकरी सोडून त्याच कंपनीत मोठ्या खुर्चीवर गेले. सोयरीक आधीच ठरलेली असावी, आपल्याला अक्षता तेवढ्या दिसल्या.

कान खराब झाला, हे अण्णाजींना खरं वाटलं. एक कान लहानपणीच गेलेला, म्हणून दुसरा गेल्याचं लवकर पटलं. ओट्यावर माठ आला तर म्हणायचे, "दुसऱ्या कोणाला दाखवा बाई, मला नाही कळत आता." काकू, त्या वर्षी तुमच्याच घरी गळका माठ आला. तुम्ही तो अंगणात तुळशीजवळ ठेवला, वाया जाऊ नये म्हणून. मी आलो तेव्हा अण्णाजी त्याच्यापुढे उकिडवे बसले होते. एक बोट वर धरलेलं, टेकवत नव्हते. जेवायला बोलावलं तरी उठले नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात त्यांनी मला विचारलं, "किसना, तू तर तिथं होता. त्या नऊचं पुढं काय झालं रे?"

मी म्हटलं, "माहीत नाही, अण्णाजी."

मला माहीत होतं.

ते नऊ गोळे अहवाल लिहायच्या आधीच करवतीनं उभे कापले होते. करवत रामदयाल भैयांनी चालवली. मी काल त्यांच्याकडे अधारतालला गेलो, विचारलं, सांगू का? त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, "बोल दो भैया, अब और कितना ढोएँगे." नऊच्या नऊ गोळ्यांत भेग होती. मी स्वतः बोट फिरवून पाहिली. नखाला लागत होती. मी त्या परीक्षेच्या आलेखावर नऊ ठिपके काढले, जिथं मशीन चुकलं तिथं. साहेबांनी पाहिलं. आवाजही चढवला नाही. म्हणाले, "कुलकर्णी, कागद घाण झालाय, साफ करा."

आणि मी साफ केला. आम्ही शाई ब्लेडनं खरवडतो. हलक्या हातानं, कागद फाटू न देता. त्यात मी वाकबगार आहे. नऊ ठिपके, नऊदा. मग त्याच मशीननं पास केलेला माल लढाईवर गेला. तडकलेला गोळा आपल्याच तोफेत फुटतो, हे इथं बसलेल्यांना सांगायला नको. फुटला का? कोणाच्या हातात? कोणी कळवलं नाही आणि मी विचारलं नाही.

अण्णाजी गेले त्या दुपारी मी शॉपमध्ये गेलो होतो. बातमी पोचली होती, पण मशीन चालू होतं. ठण, ठण. थांबलं. भोवती सहा जण उभे होते. त्यातले चार तर अण्णाजींना कधी भेटलेलेही नाहीत, नवी भरती. सहाही माना वळल्या. मग मला कळलं, माझीही वळली आहे. जिकडे आम्ही पाहत होतो तिकडे नुसती भिंत होती. आणि ज्याची ती मान, त्याला तेव्हा खांद्यावर घेऊन चालले होते.

काकू, तो आलेख मी नाहीसा होऊ दिला नाही. मूळ कागद या पिशवीत आहे. उजेडासमोर धरा, नऊ जागा पातळ झालेल्या दिसतील. खरवडलेली शाई जाते, खरवडल्याची खूण जात नाही. सोबत माझं पत्र आहे, सहीनिशी, काय झालं आणि कोणी केलं. एक प्रत आज सकाळी कारखान्याच्या मोठ्या साहेबांकडे दिली. माझ्या नोकरीचं जे व्हायचं ते होवो. त्यानं अण्णाजींना काही परत मिळत नाही, हे मला कळते. मी त्यांना हे एका वाक्यात सांगू शकलो असतो. त्यांच्याच ओट्यावर बसून, चहा पिता पिता. पाच वर्षं मला ते वाक्य जमलं नाही.

माफी मागत नाही, काकू. द्यायची का ते तुम्ही ठरवा, आणि आज नका ठरवू.

आता अण्णाजींसाठी दोन मिनिटं शांत राहू. नेहमी आपण सगळे एकदम उठतो. आज माझी एक विनंती ऐका. त्या नऊ गोळ्यांचं ज्यांना ज्यांना ठाऊक होतं आणि जे गप्प बसले, त्यांनी आधी उठावं. बाकीच्यांनी त्यांना नीट पाहून घ्यावं आणि मग उठावं.

मी उभाच आहे.