उंबऱ्यापुढचा चुना

नाही हो कंपाउंडर, आजारी कुणी नाहीच म्हटल्यावर दाखवू कुणाला? बसा आधी. ती खुर्ची डुगडुगते, इकडे बाकावर बसा. पटकी म्हणे! या गल्लीत साधे जुलाबसुद्धा नाहीत कुणाला. सगळे ठणठणीत आहेत, म्हणून तर बाहेर एवढा आरडाओरडा चाललाय — ऐकताय ना? मोठ्यानं शिव्या घालतेय ती शिंपीण, गाद्यागोधड्या जाळणार म्हटल्यावर घालणारच. अख्खी गल्ली उचलून गावाबाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये कोंबणार, म्हातारीकोतारी, बाळंतीण, सगळे — का? तर उंबऱ्याउंबऱ्यापुढं चुना दिसला. यात गोऱ्या साहेबाचं चुकलं असं मी म्हणणार नाही, नियमच आहे तो. चुन्याची पूड गटाराच्या कडेनं टाकली तर सफाई, उंबऱ्यापुढं टाकली तर आत रोगी. कचऱ्याच्या गाडीचे बैलसुद्धा सांगतील. मग इथल्या मुकादमाला — म्हणजे मला — ठाऊक नसेल?

टाकला कुणी? हां, आता आलात मुद्द्यावर. मी नाव घेणार नाही. घरातल्या माणसाचं नाव कशाला घ्या — पण पलीकडची गल्ली कुणाकडे आहे, विचारा की. माझा धाकटा भाऊ. सख्खा. मीच चिकटवला त्याला सफाईखात्यात, साहेबापुढं हात जोडून. झाडू कसा धरायचा इथपासून शिकवलं — आणि आज? आज साहेब घोड्यावरून फेरीला निघाले की त्याच्या गल्लीत रुमाल खिशात. खिशात! आणि माझ्या गल्लीच्या तोंडाशी आले की लागलाच नाकाला. बघवत नाही हो. माणसं तीच, मैला तोच, गाड्या एकाच आवारातनं सुटतात, मग त्याच्याच गल्लीत असं काय सोनं लागलंय? झाडूवाल्या बायका त्याच्याकडे हसत कामाला येतात, माझ्याकडे तोंड वाकडं करून. आणि आई — थोरला मी, म्हातारीनं राहायला हवं माझ्याकडे, की नाही? राहते त्याच्याकडे. ‘तिकडे वास येत नाही रे,’ म्हणते. माझ्या तोंडावर! आता सगळ्या मुकादमांवरच्या मुकादमाची जागा रिकामी झालीय — आवारातली खोली, दारात नळ. आमची ही नळ कुठल्या बाजूला आहे तेसुद्धा बघून आली. पण साहेबांच्या मनात धाकटा आहे, सगळं खातं म्हणतंय. म्हणजे उद्यापासून भावापुढं उभं राहून मी हजेरी द्यायची? मी?

आता तुम्हीच सांगा, माझ्या गल्लीची बदनामी झाली तर फावणार कुणाचं? मी काही म्हणत नाही. कोठीतनं चुना त्यानंही नेला, मीही नेला, सगळेच नेतात. त्यानं काल गटाराच्या कडेनं रेघ ओढली होती — बारीक, सरळ, दोरी धरून ओढावी तशी. येणारेजाणारे थांबून बघत होते. ती बघितली आणि डोकंच फिरलं माझं. म्हटलं, तू रेघ ओढतोस काय? थांब, मी गल्लीच पांढरी — नाही, म्हणजे एखादा असं म्हणेल, असं म्हणतोय मी. पाणी घ्या ना, घेतलं नाही तुम्ही. तर साहेबांना एवढंच सांगा, की मोठा बिचारा सरळ आहे, धाकट्यानं डाव साधला.

काय? कधी? आज सकाळी? तुमच्या दवाखान्यात आला होता तो? आपण होऊन? मग — म्हणाला काय? … चुना मी टाकला, असं म्हणाला? ‘दादाला न विचारता टाकला, दादाचा दोष नाही, गल्ली सोडा, काय ती शिक्षा मला करा’ —

हं. बरं. मग झालं की. मी तरी मघापासून दुसरं काय सांगतोय? गल्ली सुटली, मी सुटलो, मिटलं. त्याला काढतील ना? काढू देत. करावं तसं भरावं लागतंच — पण हा आवाज का थांबला बाहेर? बघू, सरका जरा खिडकीतनं. आलाच का तो! आणि ही शिंपीण बघा, मघाशी माझा उद्धार करत होती, आता त्याच्या पाठीवरनं हात फिरवतेय. आई? आईसुद्धा आलीय? वर्षात कधी फिरकली नाही या गल्लीत, आज त्याच्यासाठी आली, डोळ्याला पदर लावून. म्हणजे नोकरी त्याची जाणार, आणि जन्मभर गावात बोललं काय जाणार? भावासाठी पोटावर पाय आणून घेतला! नळ माझ्या दारात येईल, पण त्या नळावर रोज बायका बोलतील ते त्याच्याबद्दल. मी मोठा मुकादम झालो तरी मोठा तोच!

नाही. हे नाही चालायचं. खोटं बोलतोय तो, कंपाउंडर, साफ खोटं! असला चुना त्याला जन्मात जमेल का? त्याचा हात रेघेवर थांबतो. माझा थांबला नाही — गटारं संपली, मग भिंतीच्या कडा, मग पायऱ्या, मग उंबरे, नियमबियम डोक्यातसुद्धा आला नाही, नुसतं त्याच्या गल्लीपेक्षा पांढरं, त्याच्यापेक्षा पांढरं! शिंपिणीच्या दारात तर दोन्ही हातांनी ओतला. ही बोटं बघा माझी, पोळलीत, कातडी सुटलीय. त्याचे हात बघा जाऊन, जसेच्या तसे असतील. चुना माझा आहे. मी टाकला. आता हेसुद्धा त्यानंच घ्यायचं का? बसलात काय असे? उठा! ती टोपी द्या माझी. साहेबांकडे चला — इकडनं, मागच्या दारानं — तो पोचायच्या आत.